चिंध्यांचा मोर

अवं, माह्या नणंदेचं, शशीचं लग्न चिंध्यांच्या मोरानं जुळवलं! दोन ठिकाणी नकार आलता, सासूचा घोर जात नव्हता. पाहुणे आले, तं भिंतीवर शशीनं शिवलेला मोर. कपडा म्हणजे जुन्या लुगड्यांवर भांडे देते त्या बाईकडच्या चिंध्या.

पोराची माय मोर पाहाले गेली अन् तिचं तोंडच उतरलं. मले वाटलं, गेलं हेही स्थळ!

ती माह्या कानाशी आली. "हा पिसारा माह्या लुगड्याचा हाय वं. मालकानं हौसेनं आणलं होतं, मी भांडेवालीले स्टीलच्या गंजावर देऊन टाकलं. घरी सांगतलं, दोरीवरून चोरीले गेलं. बोलजो नको!"

"काहून बोलीन जी? पण आमची शशी पसंत हाय नं?"

बाई तिथूनच वरडली, "अहो, पोरगी पसंत हाय! तारीख काढा!"

सासू मटकन खाली बसली अन् हसतच सुटली.