नंबर नववीत आहे

(शाळा सुटलेली. रिकाम्या वर्गात बाई. समोर आठवीतली ठमी आणि तिची आई. आईच्या मांडीवर दोन महिन्यांचं बाळ.)

बाई : तेच तर सांगतेय, ताई. गणितात पास, विज्ञानात पास आणि जीवनशिक्षणात एका गुणाने नापास. विषय सक्तीचा. वर्ष जाईल पोरीचं.

आई : प्रश्न तरी काय होता?

बाई : ‘घरात कोणाची तब्येत अचानक बिघडली तर काय कराल?’ पाच गुण. हिने काय लिहिलंय ऐका. वाच गं.

ठमी : ‘आईला कळा सुरू झाल्या. बाबा फिरतीवर होते. मी रुग्णवाहिकेला फोन केला. दार उघडून ठेवलं. फोनवरच्या मावशी सांगतील तसं करत गेले. गाडी यायच्या आत बाळ आलं. त्याला टॉवेलने पुसून आईच्या छातीवर ठेवलं. नाळेला हात लावला नाही.’

बाई : बघा!

आई : बघतेय ना. मांडीवरच आहे.

बाई : अहो, नमुना उत्तरात तीन मुद्दे आहेत. शांत राहीन. मोठ्यांना कळवीन. घडल्या प्रसंगातून बोध घेईन.

आई : मोठी मीच होते, बाई. फरशीवर आडवी. मला वेगळं कळवायची गरज नव्हती.

बाई : शिवाय रुग्णवाहिकेचा नंबर नववीच्या पुस्तकात आहे.

आई : अगं बाई! म्हणजे चूक या बाळाची. वर्षभर दम धरायला काय झालं होतं त्याला?

बाई : करा चेष्टा. वरून तपासणीला येतात, तेव्हा कोण उभं राहतं? मी!

आई : शांत राहण्याचा तरी गुण द्या हो. बोंबलत मी होते, ही नाही.

बाई : राहिली असेल. पण लिहिलंय कुठे? एक गुण दिलाय, तो अक्षराचा. आता सोमवारी फेरपरीक्षा. प्रश्न हाच काढते, तेवढं माझ्या हातात आहे. तीन मुद्दे लिहायचे आणि नववीत जायचं. जमेल ना?

ठमी : झाले पाठ. शांत राहीन, मोठ्यांना कळवीन, बोध घेईन.

बाई : शाब्बास!

ठमी : पण बाई, पुन्हा तसं काही झालं तर?

आई : ए ठमे, दोन पुरे हं मला!

ठमी : तुझं नाही गं. वर्गात बाईंनाच काही झालं तर?

बाई : ...तर फोन कर, बाळा. लगेच कर. फक्त पेपरात लिहू नकोस.