चॅनल बंद झाल्यानंतर आमच्या ओसरीत भरलेल्या बैठकीबाबत

दि. १० फेब्रुवारी २०२६, मंगळवार. वेळ दुपारी १.२०.

नाव जमुनाबाई श्रावण भुयार. वय घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे ७६, आधार कार्डाच्या म्हणण्याप्रमाणे ७१. धंदा शेती व घरकाम. शिक्षण नाही. राहणार मौजे धामणखेड, वलगावपासून सात किलोमीटर, ता. जि. अमरावती. मोबाईल स्वतःचा नाही, नातसुनेचा आहे.

मी आज आपणहून ठाण्यात येऊन, महिला पोलीस शिपाई प्रियदर्शनीबाई यांनी विचारले तसे सांगते की,

मी वरील पत्त्यावर नातू गोपाल, वय २८, त्याची बायको पौर्णिमा व त्यांची अडीच महिन्यांची मुलगी यांच्यासह राहते. गोपाल शेती पाहतो व पिकअप गाडी चालवतो. त्याचे आईवडील हयात नाहीत. तो चार वर्षांचा होता तेव्हापासून मीच त्याला वाढवले आहे.

अकोल्याचे रविकांत नावाचे एक गृहस्थ आहेत. त्यांना लोक गुरुजी म्हणतात. ते कोणत्या शाळेवर होते असे मी गोपालला विचारले होते. तो म्हणाला, "शाळेतले नाही आजी, समाजाचे गुरुजी आहेत." मी म्हटले, "मंग समाजानं फी भरली वाटते." त्याला राग आला.

गुरुजींचे मोबाईलवर 'जागं वऱ्हाड' नावाचे चॅनल होते. लेकरांना लस देऊ नका, सुईतून वंश बंद करून राहिले, असे ते त्यावर सांगत. गोपाल जेवताना ते पाही व भाकर गार करी. त्या वेळी अकोल्याच्याच एक लेकरांच्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या चॅनलवर गुरुजींना उत्तर देत. खाली लोक लिहून लिहून भांडत. पौर्णिमा मला वाचून दाखवी. त्यातल्या काही शिव्या मलाही नवीन होत्या.

पौर्णिमेने मला तक्रार कशी करायची ते शिकवले. तीन ठिपके दाबायचे, मग झेंड्याचे चित्र, मग तिसऱ्या ओळीवर बोट. त्याला अक्षर लागत नाही. आमच्या भजनी मंडळातील नऊ जणींनी आपापल्या सुनांच्या फोनवरून दिवाळीनंतर महिनाभर रोज तक्रार केली. डिसेंबरमध्ये कंपनीने चॅनल बंद केले. आमच्यामुळे केले की दुसऱ्या कोणामुळे, हे कंपनीने कळवले नाही. त्या दिवशी मी शिरा केला. नऊही जणींनी खाल्ला. गोपालनेही खाल्ला. त्याला कारण माहीत नव्हते.

त्यानंतर गोपाल म्हणू लागला, "खोटं असतं तं हसून सोडून देल्लं असतं. तोंड कावून बांधलं? खरं हाय म्हणून बांधलं." गावातील आणखी पोरेही असेच म्हणू लागली. चॅनल चालू होते तेव्हा त्यातील निम्मी पोरे गुरुजींची टिंगल करीत.

जानेवारीपासून गुरुजी स्वतः गावोगाव येऊ लागले. आमच्या गावात दोनदा आले, दुसऱ्यांदा आमच्या ओसरीत. दाराशी गोपाल टोपले घेऊन उभा राहतो व येणाऱ्याचा फोन त्यात ठेवून घेतो, कारण कंपनीला कान आहेत. त्यामुळे तेथे काय बोलले जाते त्याचा व्हिडिओ कोणाकडेही नाही. उत्तर देणाऱ्या डॉक्टरीणबाईही तेथे नाहीत. फोनमध्ये गुरुजी माझ्या तळव्याएवढे होते, पौर्णिमेने बोटाने वर ढकलले की निघून जात. ओसरीत ते चांगले उंचपुरे आहेत व चहा घेतल्याशिवाय उठत नाहीत.

रूपाली देवानंद इंगळे, वय ३४, ही आमच्या गावची आशा वर्कर आहे. दर मंगळवारी ती घरोघरच्या लेकरांना अंगणवाडीत गोळा करते व नर्सबाई लस टोचतात. तीनच्या सुमारास काम आटोपते. मग रूपाली उरलेल्या लशीची थंड पेटी स्कूटीवर बांधून चार किलोमीटरवरच्या उपकेंद्रात पोचवते. रस्ता नाल्यातून जातो. दोन्ही बाजूंना अजून कपाशीची पऱ्हाटी उभी आहे. माणूस बसला तर दिसत नाही.

जानेवारीच्या शेवटी गावातील एका घरचे दीड महिन्याचे लेकरू न्यूमोनियाने दगावले. चार दिवस आधी त्याला लस दिली होती. लशीने गेले नाही, असे अमरावतीच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले आहे. तो कागद त्या घरात आहे. कोणी वाचत नाही.

रविवार, दि. ८ रोजी दुपारी चार वाजता आमच्या ओसरीत बैठक झाली. चाळीसेक माणसे होती, सर्व पुरुष. मी कोपऱ्यात तुरीची डाळ निवडत होते. आजीले काय समजते, म्हणून मला कोणी उठवले नाही. मला लिहिता येत नाही, म्हणून ऐकलेले ठेवायला डोक्याशिवाय दुसरी जागा नाही. गुरुजींचे शब्द जसेच्या तसे सांगते, बाईंनी तसेच लिहावेत. ते म्हणाले:

"मला बोलायला बंदी आहे, तुम्ही जाणता. मी कोणाला काही करा असं म्हणत नाही. मी फक्त विचारतो. ते लेकरू गेलं, त्याच्या घरी आधी कोण गेलं होतं? तिचं नाव मी घेत नाही. मंगळवारी तीन वाजता ती पेटी घेऊन नाल्याच्या रस्त्याने जाते. एकटी जाते. मी फक्त विचारतो, या गावात बाप किती आहेत?"

मग गोपाल उठला व म्हणाला, "मंगळवारचं मी पायतो, गुरुजी." गुरुजी म्हणाले, "मी काही ऐकलं नाही बरं का." त्यावर माणसे हसली. मग चहा झाला.

'मारा' असा शब्द कोणी वापरला काय, असे बाईंनी विचारले. नाही वापरला. गुरुजी शिकलेले आहेत. 'पायतो' म्हणजे काय, असे मी गोपालला विचारले. तो म्हणाला, "तू डाळ निवड, आजी."

सोमवारी मी रूपालीच्या घरी जाऊन तिला सांगितले. ती म्हणाली, "आजी, पेटी टाइमावर पोचली नाही तं लस खराब होते. अन् गोपाल मले ताई म्हणते." मी म्हटले, "मले आजी म्हणते, माह्यं तरी कुठी आयकते?" ती हसली व चहा ठेवला.

सोमवारीच ठाण्यात का आला नाहीत, असे बाईंनी विचारले. चप्पल घातली होती. मग काढली.

आज सकाळी दहा वाजता गोपाल घरातून गेला. पिकअप नेली नाही, पायी गेला. सोबत दोघे होते. फोन घरी ठेवून गेला. तो फोन घरी ठेवून कधीही जात नाही, संडासातही नेतो. बाईंनी हे लिहायचे नाही म्हटले, मी लिहा म्हटले. फोन पाहिल्यावर मी वलगावपर्यंत ऑटोने व पुढे एसटीने येथे आले.

चॅनल बंद करायला नको होते काय, असे बाईंनी विचारले. मला ते नीट ठरवता येत नाही. चालू होते तेव्हा हजारो लोक ऐकत होते, त्यात किती घरची लेकरे लशीवाचून राहिली मला माहीत नाही. म्हणून तक्रार केली ती चूक म्हणत नाही, उद्याही करीन. बंद झाल्यावर ऐकणारे चाळीसच राहिले, पण ते एका गावचे आहेत व त्यांना नाल्याचा रस्ता माहीत आहे. हा माणूस आता कोठे जाईल, हे पाहायला कंपनीचे कोणी धामणखेडला आले नाही. आम्ही नऊ जणींनीही पाहिले नाही.

येथवरचा जबाब बाईंनी वाचून दाखवला. शब्द बरोबर आहेत. गोपालचे नाव हवे होते तेथे आहे. परंतु एक गोष्ट मी सांगितली नव्हती, ती पुढे जोडावी.

मागच्या मंगळवारी, दि. ३ रोजी, गोपालच्या मुलीला अंगणवाडीत मी नेले. गोपालने लस द्यायची नाही म्हणून बजावले होते. रूपालीने मला दारातच थांबवले व म्हणाली, "आजी, गोपालले इचारलं का?" मी म्हटले, "इचारलं." विचारले नव्हते. संध्याकाळी मुलीला ताप आला व गोपालला तिच्या मांडीवर टोचलेले दिसले. कोणी नेले, असे त्याने विचारले. पौर्णिमा माझ्याकडे पाहत होती. मी म्हटले, "रूपाली घरी आली होती. मी वावरात होते. तिनंच नेली."

असे मी म्हटले. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. मुलगी चांगली आहे.

रविवारी ओसरीत गोपाल उठला तेव्हा मला हे सांगता आले असते. मला बोलायला कोणाची बंदी नव्हती. मी बोलले नाही. आज सकाळी तो चप्पल घालत होता तेव्हाही बोलले नाही.

रूपालीचा यात काही दोष नाही. गोपालला हे माझ्या तोंडून ऐकवायचे आहे, कागदावरून तो मानणार नाही. म्हणून मला गाडीतून सोबत न्यावे.

जोडलेला मजकूरही मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेच व तेवढेच त्यात आहे. कोणी शिकवून पाठवलेले नाही. डाव्या हाताचा अंगठा, जमुनाबाई श्रावण भुयार. वेळ २.१५.

लिहून घेणारीची नोंद: रूपाली इंगळे यांना तीन वेळा फोन लावला. घंटी जाते, उचलत नाहीत. धामणखेड अंगणवाडीत विचारले असता, आज चारच लेकरे आल्याने काम लवकर आटोपले व त्या दोन वाजताच पेटी घेऊन निघाल्या, असे समजले. २.२० ला ठाण्याची गाडी नाल्याकडे रवाना. जबाब देणार आधीच गाडीत बसल्या होत्या. उतरण्यास सांगितले, उतरल्या नाहीत.