सहा कोटी आठ लाख सदतीस हजार तेरा

—नाही, आत नाही. इथंच बसा, या स्टुलावर. बॅग खाली ठेवा, उघडू नका. गणित शिकवता म्हणालात, कॉलेजात—ओळखपत्र आहे? हं. फोटोत मिशी आहे, तुम्हाला नाही—असो. पत्र दादानंच लिहिलंय, पाकिटावरचं अक्षर त्याचंच, डाव्या हाताचं. पण मला न सांगता पोस्टात टाकलं कुणी, ते शोधून काढणार आहे मी. आणि हळू बोला, पडद्यामागे झोपलाय तो.

वह्या बघायच्यात? अकरा आहेत. दहावीच का हवी? म्हणजे ठरवूनच आलात की काय शोधायचं ते!

ऐका. माझा भाऊ तीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर होता. वहिनी गेली, पाठोपाठ त्याची उजवी बाजू गेली. बोलणं बंद. मी शिलाई सांभाळून त्याला भरवायचे. डॉक्टर म्हणाले, डाव्या हातानं काहीतरी लिहू द्या. तर यानं काय लिहावं? लेथवर ठोकलेला नंबर! सहा कोटी आठ लाख सदतीस हजार तेरा. मग त्याला तीननं भाग, सातनं भाग, अकरानं भाग—जाईचना. चार महिन्यांनी तोंडातून पहिलं वाक्य आलं, "छोटे, हा तुटत नाही गं." एक आणि तो स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, अशी मूळ संख्या असेल, म्हणे. सिद्ध करायचं तर सात हजार आठशेच्या आतल्या सगळ्या मूळ संख्या लावून बघायच्या. तुटणार असेल तर एक तुकडा त्याच्या आतच सापडतो. तीन वर्षं चाललं हे. तो कागदावर भागायचा, मी कॅल्क्युलेटरवर ताडून बरोबरची खूण करायचे. चुकला की सांगायचे, तो खोडायचा. नेहमी सांगायचे—

असं काय बघताय? सहा हजार आठशे एक्केचाळीस? हं. मशीननं काढलंत ना? क्षणात आलं असेल.

त्याची बाकी आली होती सात. आणि माझ्याकडे आले आठ हजार आठशे त्र्याण्णव—टिंबापुढे काही नाही. काहीच नाही हो! तीनदा केलं. "बरोबर?" म्हणाला. त्या आठवड्यात पहिल्यांदा खिडकीपर्यंत चालला होता तो, भिंत धरून. मी म्हटलं, बरोबर. केली खूण. पुढच्या शंभरेक संख्याही ताडल्या, अगदी इमानानं. शेवटची झाली तेव्हा रडला, सगळ्या मजल्याला चहा पाजला. आता तुम्ही येऊन त्याला सांगणार, आणि तो परत गप्प बसला तर? भरवायला तुम्ही याल?

काय? त्यानंच विचारलंय? शक्य नाही. दाखवा ते पत्र. दाखवा म्हणते ना!

"...दहाव्या वहीत बहिणीनं एका संख्येला तीनदा बटणं दाबली. तिला विचारायचा धीर झाला नाही. कृपया आपण..."

तारीख तर दोन वर्षांपूर्वीची. पाकिटावरचा शिक्का मात्र गेल्या आठवड्यातला.

म्हणजे चहा पाजला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

नाही, पाणी नको. उठा तुम्ही. नाही, त्याला उठवू नका, उत्तर मी देते. जिन्यात तिसरी पायरी निखळलीय, बघून उतरा. जा म्हणते ना!