पिंकी, खाली बस

हॅलो?… कोण?… गौतमी मॅडम व्हय. बोला की… हां, पिंकीची आईच. सीमा… थांबा, बांधावर येते जरा, मोटारीचा आवाज हाय… हां, आता बोला.

न्हाई, ताप न्हाई. खाऊनपिऊन बरी हाय. शाळंत यायचं न्हाई म्हणती… कवाच न्हाई म्हणती… न्हाई ओ, तुम्ही मारत न्हाई, ठाऊक हाय मला… पुस्तक खोटं हाय म्हणती.

म्हंजी कसं, तुम्ही धडा सांगता, आन् तुमच्या मागनं समदी पोरं म्हणत्यात… हां. तुम्ही म्हणता, "बदक पाण्यात पोहते." पोरं म्हणत्यात, "बदक पाण्यात पोहते." मग तुम्ही म्हणता, "पिंकी, खाली बस."… व्हय मॅडम, ते बी म्हणत्यात. समदा वर्ग. पिंकी बी म्हणती.

घरी बी तेच… तुमच्यावाणी चष्मा वर सारती. चष्मा न्हाईच तिला, तरी सारती. बोटाला थुंकी लावून पान उलटती, आन् बदकाच्या मधीच सोताला खाली बसवती. बसत न्हाई, ती गोष्ट येगळी.

काल राहू गावावरनं माझा भाऊ आलता, गोकुळ. त्याला म्हणली, मामा, पुस्तकात माझं नाव हाय. तो म्हणला, दाव… तेच ना, गावंना. मग पहिल्या ओळीवर बोट ठिवलं. बदक पाण्यात पोहते. बदकाला भूक लागली. एकेक अक्षर करत पार खालपातूर गेली… न्हाई, कुणी सांगितलं न्हाई. गोकुळ मोबाईलात, आन् मी शेवंती निवडत हुते… पाठ? पाठ कसं आसंल मॅडम? पाठ तर नावासकट हाय.

…व्हय मॅडम, वाचलं म्हणते मी. समदा धडा… तिला वाचता येत न्हाई, हे मला कुठं ठाऊक? तुम्ही कवा बोलला न्हाई… आज सांगणार हुता? बरं, ऱ्हाऊ द्या मग.

नाव गावलं न्हाई म्हणून लई रडली. मॅडमच्या पुस्तकात हाय, मला डुप्लिकेट दिलंय म्हणती… तुमच्यात बी न्हाई ना?… मग दावू नका.

न्हाई, न्हाई… ऐका माझं. ते "खाली बस" म्हणायचं बंद करू नका. उद्यापासनं गुमान वाचलं तुम्ही, तर तिला वाटंल, नाव काढून टाकलं. त्या एका ओळीपायी समदा धडा वाचती ती.

पुढचा धडा कंचा हाय?… मुंगीचा. बरं. सांगते तिला, मुंगीच्यात हाय तुझं नाव…

खोटं कसं? धडा तुम्हीच सांगणार ना?… आन् ती काय खाली बसणार हाय?…

मग. पाठवते उद्या. ठिवू?