नानांची फळी

सुमनवहिनी, अध्यक्षसाहेब आणि बाजारातल्या माझ्या सगळ्या शेजाऱ्यांनो,

मागे उभे आहात त्यांनी पुढं या, सतरंजीवर जागा आहे. आपल्या बाजारातली एवढी माणसं एका छपराखाली मी गणपतीच्या बैठकीलाही पाहिली नाहीत. तिथं निम्मे भांडून उठून जातात. आज कुणीच भांडत नाहीये, आणि मला त्याचंच जास्त भ्या वाटतंय. मला भाषण येत नाही. गिऱ्हाइकाशी बोलणं वेगळं. त्यात समोर नानांचा फोटो, फोटोला हार. तो हार मीच केलाय. 

जे बाहेरून आलेत त्यांना सांगते, मी शैलजा. नानांच्या समोर माझं फुलांचं, पूजेच्या सामानाचं दुकान आहे. यजमान गेल्यावर मी गल्ल्यावर बसायला लागले. तेव्हापासून रोज शटर वर केलं की पहिलं दर्शन नानांचं. केरसुण्या, सुपं, दोरखंड, त्या ढिगात बसलेले नाना. आणि त्यांच्या पुढ्यात ती फळी.

ती फळी तुम्हाला ठाऊक आहे. आपल्यातल्या प्रत्येकानं तिच्यावर पिशवी ठेवलीय. हडपसरहून बसनं येणाऱ्या बायका आधी नानांकडं यायच्या, जड पिशवी तिथं टेकवायच्या आणि मोकळ्या हातानं बाजार करायच्या. "नाना, बघा हं जरा." नाना नाव विचारायचे नाहीत, गाव विचारायचे नाहीत. चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "ठेवा. मी आहे." बाई गेली की माझ्याकडं बघून कुरकुरायचे, "मी काय इथं धर्मशाळा काढलीय?" मी म्हणायचे, मग नाही म्हणा ना.  इतक्या वर्षांत एकालाही नाही म्हणाले नाहीत.

त्याच फळीवरच्या एका पिशवीत बाँब होता.

मी नारळ काढायला आत माळ्यावर चढले होते, म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे. खाली आले तेव्हा समोर दुकान नव्हतं. एवढंच सांगते. नानांच्या मागं राहिलेल्या वहिनी इथं बसल्या आहेत.

आता मला जे बोलायचंय ते काहींना आवडणार नाही. न आवडू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ता माझ्याकडं आला. दत्ता हमाल, लातूरकडचा, आपल्याच गल्लीत हातगाडी ओढायचा. पांढराफटक पडला होता. म्हणाला, "मावशी, ती पिशवी म्याच ठिवली. एका मानसानं दिली, म्हनला नानाच्या फळीवर ठिव, येतो मी. तोंड बघितलंय म्या त्याचं. पोलिसांना सांगून येतो." मी म्हणाले, जा. लगेच जा.

तो आपल्या पायानं गेला. हे नीट ऐका. त्याला कुणी पकडलं नव्हतं. त्या माणसाचं तोंड पाहिलेला या पुण्यात एकच माणूस होता, आणि तो स्वतःहून सांगायला गेला.

संध्याकाळी टीव्हीवर कुणाचा फोटो होता? दत्ताचा. "बाजारातला हमाल ताब्यात." घरोघरी लोकांनी हुश्श केलं. सापडला एकदाचा. आणि ज्यानं ती पिशवी दिली, त्यानंही ती बातमी पाहिली असेल ना? चहा पीत पाहिली असेल. त्याला काय वाटलं असेल, सांगा मला.

दत्ताला पुष्कळ दिवसांनी सोडलं. काही निघालं नाही. ते मात्र कुठल्याच टीव्हीनं सांगितलं नाही. विश्रांतवाडीला त्याची खोली होती, मालकानं सामान बाहेर काढून ठेवलं. आणि त्याची हातगाडी? ती पोलिसांनी मोडली नाही. ती आपल्यातल्यांनी मोडली. कुणी, ते मला माहीत आहे, नाव घेत नाही. आज नानांची सभा आहे.

मधे पोलिसांचे मोठे साहेब आले होते. माझ्या दुकानासमोर उभे राहिले. मी विचारलं, "साहेब, तपास कुठवर आला?" म्हणाले, "बाई, काळजी करू नका. कडक कारवाई चालू आहे." मी विचारलं, "कुणावर?" साहेब गाडीत बसले.

कारवाई दिसतेय खरी. गल्लीच्या तोंडाशी ती धातू शोधणाऱ्या यंत्राची चौकट उभी केलीय. ती सगळ्यांना पाहून वाजते आणि वाजली तरी कुणी मान वर करत नाही. कोपऱ्यावर कॅमेरा आहे. पूर्वीपासूनच आहे. त्या दिवशी तो बंद होता, आणि आपण तक्रार करूनही बंदच राहिला होता. आपला बीटचा हवालदार आठवतोय? प्रत्येक हमालाला नावानं हाक मारायचा. नवा माणूस दिसला की उभा करून चौकशी करायचा, चहा पाजून. त्याला काढून कुठल्या तरी बंदोबस्तावर नेलं, त्याच्या जागी कुणी आलंच नाही. यातलं काहीच कडक नव्हतं, म्हणून कुणाला ते महत्त्वाचं वाटलं नसेल.

माझा गैरसमज करून घेऊ नका. मी मवाळ बाई नाही. ज्यानं हे केलं त्याला कायद्यात असेल ती मोठ्यात मोठी शिक्षा व्हायला हवी, आणि ती मला माझ्या डोळ्यांनी पाहायचीय. मला राग आहे. संध्याकाळी कुणी पायरीवर पिशवी टेकली की मी दोन पावलं मागं सरते, हेही खरं आहे. पण सरकारकडून मला आरडाओरडा नकोय. तो आपल्याकडं पुरेसा आहे. सरकारनं कॅमेरा चालू ठेवावा. ओळखीचा हवालदार परत द्यावा. माहीत नसेल तर सरळ सांगावं की अजून माहीत नाही, शोधतोय. आम्ही लहान मुलं नाही. पकडलेला माणूस कोर्टात उभा करून दाखवावा, टीव्हीवर नको. आणि सगळ्यात आधी, जो सांगायला येईल त्याला खुर्ची द्यावी, त्याचं तोंड टीव्हीपासून झाकून ठेवावं, त्याला घरी सुखरूप पोचवावं.

कारण आता पुढची गोष्ट ऐका. त्या दिवशी आणखी कुणी काही पाहिलं असेल का? असेलच. भर बाजार होता. ते कुणी बोलतंय का? उद्या कुणी माझ्याकडं येऊन म्हणाला, "मावशी, मला काही दिसलंय," तर मी त्याला जा म्हणू का? तुम्ही म्हणाल? छातीवर हात ठेवून सांगा.

अध्यक्षसाहेब, तुमच्यापुढं ठरावाचा कागद आहे. बाहेरगावच्या हमालांना बाजारात बंदी, असा तो ठराव आहे. सभा संपताना तुम्ही तो वाचणार आणि आम्ही हात वर करणार. नानांच्या नावानं. ते होऊ नये म्हणून मी माइक धरलाय. एरवी मी वहिनींशेजारी गप्प बसले असते.

काल मी वहिनींना या ठरावाबद्दल विचारलं. त्या तेरावा झाल्यापासून फारसं बोलत नाहीत.  पण काल म्हणाल्या, "शैला, मला कुणीतरी नकोय गं. मला तोच हवाय." वहिनी, तुमची परवानगी न घेता सांगितलं. रागावू नका.

तोच हवा असेल, तर त्याला ओळखणारा माणूस आपल्याला लागणार आहे. तो माणूस आत्ता कुठं आहे, माहिती आहे? या शाळेच्या फाटकाशी उभा आहे. मी येताना पाहिला. म्हटलं, आत का नाही येत? म्हणाला, "पिशवी हाय जवळ, मावशी. तपासणीवाले आत सोडंनात. आन् बाहेर कुठं ठिवली तर लोक काय म्हनतील?"

त्याच्या पिशवीत टॉवेल आणि डबा आहे. तपासणीवाल्यांनी उघडून पाहिलाय. तरी सोडत नाहीत.

अध्यक्षसाहेब, तो कागद आज घडी करून खिशात ठेवा. आणि कुणीतरी फाटकाशी जा, त्याला घेऊन या. तो येईपर्यंत मी थांबते. तोवर श्रद्धांजलीला कुणी उभं राहू नका.

ये, दत्ता. असा मधून ये. जरा वाट द्या हो त्याला, पाय आवरून घ्या. ये पुढं. घाबरू नकोस. ती पिशवी इथं, माझ्या पायाशी ठेव.

ठेव. मी आहे.

आता सगळे उभे राहू या. नानांसाठी.