दारावरचा विसावा

—आणि पाण्याचं तर विचारूच नको बाय, पहाटे चारला येतं, साडेचारला जातं, ते पण रुसल्यासारखं. बस ना, उभी कशाला, हा ओटा माझाच हाय. मी ठकुबाई. या गल्लीत कुणाच्या डब्यात कसली भाजी हाय ते मला झाकण न उघडता कळतं. तुला तुळशीरामशेठनी समोरची खोली बघायला पाठवलं, होय ना? मग ऐक — तिच्या मागच्या भिंतीला कापड विणायचे लूम, दिवसभर खटखट, खटखट. लेकरू हाय तुला? न्हाय? होईल, पण इथं झोपणार न्हाय. छत गळतं. मोरीत घूस येते, मांजराएवढी. काल एक जोडपं आलं त्यांना तर मी भूतच सांगितलं — म्हंजे, हाय म्हणून सांगितलं. हसतेस काय!

कुलूप न्हाय दाराला, कारण भाडेकरू हाय अजून. एस्तेरबाई. मी अस्तरबाईच म्हणते — सगळा जन्म नारपोलीत कापडाच्या गावात गेला, मला अस्तर ठाऊक, एस्तेर कुठून ठाऊक असणार? रिटायर नर्स, नगरकडची, ख्रिस्ती. एक तारखेला तिचे अकरा महिने भरतात, शेठ म्हणतो पुढं न्हाय. का? कुणीतरी त्याचे कान भरले. असतात बाय माणसं, दुसऱ्याच्या दारात नाक खुपसणारी.

ती पाटी वाचलीस, दारावरची? विसावा. तू कुठली? वाडा तालुक्याकडची? मग तुला कळेल. आमच्या माहेरी, वळ गावात, विसावा म्हंजे मसणवाटेवरचा दगड. तिरडी घडीभर खाली ठेवतात तो. आणि ही बाई आली, आणि पहिल्याच दिवशी दारावर रंगवते काय — तर विसावा! त्यात आमच्या ह्यांना नुकताच लकवा झालेला, हॉस्पिटलातून आणून खाटेवर ठेवलेले, आणि खिडकीतून समोर दिसतं काय? सकाळी डोळा उघडला की विसावा, चहा पाजायला बसवलं की विसावा! मी खिडकीला चादर टांगली. आणि मग कुणीतरी शेठला सांगितलं, बाई अशुभ हाय, काढ. कुणी म्हंजे कुणीतरी! तू काय वकील हायस?

तर महिन्याभरानं काय झालं — दुपारची वेळ, मी ह्यांची कूस बदलायला गेले आणि दोघं खाली. मी खाली, हे माझ्यावर. पस्तीस वर्षांच्या संसारात एवढे जवळ कधी आले नव्हते! ओरडले मी. अख्खी गल्ली जेवत होती, धावत आली कोण? अस्तरबाई, भाताचा हात तसाच. 'विठूदादा, दुसरा हात माझ्या गळ्यात टाका,' म्हणाली — आणि टाकला बरं का ह्यांनी, लगेच! मग चादरीचं टोक धरून एकट्या बाईनं माणूस कसा वळवायचा, ते मला शिकवलं. आणि ह्यांच्या पाठीवरची जखम — मी मान फिरवून पुसायची गो, खोटं कशाला बोलू, मला बघवायची न्हाय — ती हिनं तोंडाजवळ दिवा धरून धुतली, हळू हळू, जणू तान्ह्याला न्हाऊ घालते. तेव्हापासून रोज दोन ते तीन ती ह्यांच्यापाशी, आणि मला पाठवते समोर, तिच्या खोलीत. काम कर म्हणून न्हाय. झोप म्हणून! पहिल्या दिवशी मी अशी घोरले की ह्यांनी इकडून हाक मारली, लूम बंद करा म्हणून.

मग एकदा विचारलंच. बाई, असलं नाव का गो? ती म्हणाली, आमचा येशू सांगतो — ओझं वाहून दमलात ना, माझ्याकडं या, मी विसावा देतो, ते खाली ठेवा, टेका थोडं. मी म्हटलं, टेकायचं म्हंजे खांदा बदलायला? कारण बघ, विसाव्यावर काय करतात? पुढचे मागं जातात, मागचे पुढं. मेलेल्याला कसला विसावा, तो झोपलेलाच! विसावा असतो खांदा देणाऱ्यांना. हसली ती, चष्मा पडेपर्यंत. मग डोळे पुसत म्हणाली, 'ठकुताई, चाळीस वर्षं चर्चमध्ये हेच ऐकते, पण असं कुणी सांगितलं नव्हतं.'

आणि तिचा खांदा कोण बदलतं? सकाळी ती दार लोटून अर्धा तास डोळे मिटून बसते. फटीतून बघितलंय मी, न्हाय कशाला म्हणू. पहिल्यांदा वाटलं, गेली! विचारलं, देवाकडं एवढं काय मागतेस? म्हणाली, मागत नाही, नुसती बसते, त्याच्यावर सोपवून. मग उठते, दार उघडते, तर बाहेर लूमवाले रांगेत — सिस्टरजी, जरा उंगली देख लो. आणि ही ताजीतवानी!

आता सांग, अशी बाई एक तारखेला जाणार अंबाडीला, भाचीकडं. ह्यांना कोण वळवणार? न्हाय, ह्यांचं सोड, ते मी शिकले. पण मी... मी दोनदा गेले शेठकडं. उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. कुठल्या तोंडानं सांगू, शेठ, मी बोलले ते विसर — बोलले का मी? बोलले. हां, मीच. मीच ती कान भरणारी. हळू गो, ती आत हाय, ह्यांच्यापाशी. तिला यातलं काय ठाऊक न्हाय, कळलं तर—

काय गो, अस्तरबाई? खिडकी उघडी होती?... ठाऊक होतं? कधीपासून?... पहिल्याच आठवड्यापासून? शेठ बोलला? म्हंजे मी खाली पडलेले, तू भाताच्या हातानं आलीस — तेव्हा पण?

...

न्हाय, काय न्हाय. डोळ्यात लूमची कुसं गेली.

तू अजून बसलीस, बाय? छत गळत न्हाय. घूस पण न्हाय. सगळं मी रचलं. पण खोली न्हाय मिळायची. शेठला सांग, ठकुबाई चार वाजता येते, या वेळी उंबऱ्याच्या आत. आत्ता न्हाय, आत्ता दोन वाजून गेले, ती म्हणते आधी झोप. मी चालले समोर. जा तू. आणि जाताना ते समोरचं दार ओढून घे — उजेड येतो.