पिवळा स्वेटर

प्रिंटर दुरुस्तीच्या दुकानात शिवणकामवाल्या बाई ताटकळत बसल्या होत्या. पुढची मुलगी घोरपडीसारखी काउंटरला चिकटली होती.

"दादा, काहीतरी करा ना! तीनदा क्लीनिंग केलं, तरी लाल उमटतच नाही."

"हेड चोक झालंय, ताई. गुलाबी शाई वाळून बसलीय, तिच्याशिवाय लाल कसा येणार? रात्रभर भिजवावं लागेल."

"रात्रभर? अहो, माझे बाबा सकाळपासून हरवलेत! त्यांना स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही."

"मग त्यांच्या शोधाची पोस्टरं लावली नाहीत?"

"लावली की घाईघाईत. नंतर बघते तर चेहऱ्यावर पांढरे पट्टे, आणि लाल स्वेटर पिवळाधमक! लोक भलत्यालाच शोधत बसतील."

शिवणकामवाल्या बाई ताडकन उठल्या.

"लाल स्वेटर? कोपराला निळं ठिगळ?"

"हो! कुठं पाहिलंत?"

"इथं येताना, कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर. चल, दाखवते. तुझंच पोस्टर वाचत बसले होते."

"काही बोलले?"

"म्हणाले, हा पिवळ्या स्वेटरवाला दिसला तर सांगा हो. याच्या पोरीचा जीव टांगणीला लागला असेल."